उभ्या गाडीची खडखड

बीडहून परळीकडे जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा रस्ता तेलगावात एकमेकांना छेदतात. उसाचा हंगाम सुरू झाला, की या चौकात उसाने लादलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या कारखान्याकडे वळण्यासाठी रांग धरतात आणि बाकीच्यांना थांबावे लागते. डिसेंबर २०२२ मध्ये अशाच एका खोळंब्यात माझ्या मोटारीने पहिल्यांदा खडखड सुरू केली. गाडी पळत असताना काही नाही. ती उभी राहिली आणि इंजिन नुसते चालू राहिले, की डब्यात खिळे घालून कोणी हलवत असावे तसा आवाज खालून येई. ॲक्सिलरेटर जरा दाबला की आवाज बंद. पाय काढला की पुन्हा सुरू.

गाडी जुनी, तीन सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. शहरातल्या एका गॅरेजमध्ये ती दाखवली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडून दोन मिनिटे ऐकले, 'इंजिन खोलावं लागेल' म्हणून सांगितले आणि पाच आकडी खर्चाचा अंदाज दिला. मी विचार करतो म्हणून परत आलो. खर्चाची काळजी होतीच. पण त्याहून जास्त टोचली ती दुसरीच गोष्ट. मी वर्षानुवर्षे मुलांना कंप आणि ध्वनी शिकवतो, आणि त्या दोन मिनिटांत मला त्या माणसाला एकही नेमका प्रश्न विचारता आला नव्हता.

मग घरी बसून कागदावर जे लिहिले, तेच इथे मांडतो आहे. गाडी असो वा नसो, नववीला 'ध्वनीचा अभ्यास' शिकवणाऱ्या कोणालाही ते उपयोगी पडेल असे वाटते.

सुरुवात आवाजापासून न करता इंजिनापासून करू. मोटारीचे इंजिन चार धावांचे असते, म्हणजे एका सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा इंधनाचा स्फोट होतो. सिलिंडर तीन असतील तर दोन फेऱ्यांत तीन स्फोट, म्हणजे एका फेरीला दीड. नुसते चालू ठेवलेले इंजिन मिनिटाला साधारण ८०० ते ९०० फेरे करते. माझ्या गाडीचे ८४० धरू. सेकंदाला १४ फेरे आणि २१ स्फोट झाले. प्रत्येक स्फोट इंजिनाला एक आडवा पीळ देतो, म्हणून इंजिन गाडीला सेकंदाला २१ हिसके देत असते. चार सिलिंडरच्या गाडीत याच वेगाला २८ हिसके बसतील. शेतातल्या जुन्या एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचे मिनिटाला ६५० फेरे असतील, तर सेकंदाला पाच-सहाच ठोके पडतात, म्हणून तर त्याची धकधक आपल्याला एकेक वेगळी ऐकू येते.

८४० हा आकडा मी कुठून आणला? माझ्या गाडीत फेरे दाखवणारा काटा नाही. पण हल्लीच्या मोबाइलमध्ये हालचाल मोजणारा त्वरणमापक असतो. जर्मनीतील आखेनच्या विद्यापीठात तयार झालेले 'फायफॉक्स' नावाचे मोफत ॲप त्याच्या नोंदी वारंवारतेनुसार आलेखावर मांडून दाखवते. फोन डॅशबोर्डवर सपाट ठेवला आणि इंजिन चालू केले. आलेखावर दोन उंच शिखरे आली, एक १४ हर्ट्झच्या जवळ, दुसरे २१ च्या जवळ. २१ कळले, पण १४ कशाचे? ते फेऱ्यांचे. तीन सिलिंडरच्या इंजिनात दट्ट्यांचे वर-खाली ओढणारे जोर एकूण बेरजेत एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात, पण ते एका रेषेत नसल्यामुळे इंजिनाचे एक टोक वर आणि दुसरे खाली असे डोलणे उरतेच, आणि ते फेरीला एकदा होते. दोन शिखरांचे गुणोत्तर दीड आले, तेव्हाच माझी खात्री पटली की आपण मोजतो आहोत ते इंजिनच, पंखा किंवा आणखी काही नव्हे.

फोन नसला तरी अडत नाही. हॅकसॉचे एक पाते घ्या. त्याचे एक टोक टेबलाच्या कडेला शिकंजात घट्ट धरा आणि मोकळे टोक छेडा. बाहेर २५ सें.मी. ठेवले तर पाते सेकंदाला आठ-नऊ वेळा हलते, डोळ्यांना ते दिसते. लांबी कमी केली की कंप वाढतात, आणि तेही लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात: लांबी निम्मी केली की वारंवारता चौपट. सुमारे ०.६५ मि.मी. जाडीच्या नेहमीच्या पात्यासाठी हिशेब केला, तर १९.५ सें.मी. लांबीला साधारण १४ हर्ट्झ आणि १६ सें.मी.ला साधारण २१ हर्ट्झ येतात. आता शिकंजा उभ्या, चालू गाडीच्या बंपरजवळच्या लोखंडी पट्टीला लावा आणि पाते थोडेथोडे आत सरकवत जा. बहुतेक लांब्यांना ते नुसते थरथरते. १६ सें.मी.च्या आसपास आले, की कोणी हात न लावता त्याचे टोक रुंद झोके घेऊ लागते आणि डोळ्यांना त्याचा पंखा झालेला दिसतो. आणखी एक सें.मी. आत सरकवा, पंखा मिटतो. जुन्या जनित्रांच्या फलकावर वारंवारता दाखवण्यासाठी वेगवेगळ्या लांबीच्या पोलादी जिभांची रांग असे. जी जीभ नाचे, तिचा आकडा वाचायचा. आपले पाते म्हणजे तीच युक्ती.

हेच अनुस्पंदन, म्हणजे रेझोनन्स. झोपाळ्याला त्याच्या लयीत ढकलण्याचे उदाहरण आपण नेहमी देतो. पण इंजिनाचा धक्का बदलत नाही, फक्त पात्याची लांबी बदलते आणि तरी नाच सुरू होतो-थांबतो, हे मुलांच्या डोळ्यांसमोर घडते तेव्हा त्यांना ते जास्त पटते असा माझा अनुभव आहे.

आता खडखडीकडे परत येऊ. ॲक्सिलरेटर दाबल्यावर ती बंद होते, याचा अर्थ काय? इंजिनाच्या आतला एखादा भाग झिजून ठोकत असता, तर फेरे वाढल्यावर ठोके वाढायला हवे होते, आणि गाडीवर भार पडल्यावर आवाज आणखी जड व्हायला हवा होता. इथे उलटे झाले. म्हणजे गाडीत कुठेतरी एक 'पाते' आहे, ज्याची नैसर्गिक वारंवारता २१ च्या जवळ आहे. फेरे वाढवले की धक्के ३० हर्ट्झ, ४० हर्ट्झ होतात आणि पाते नाचायचे थांबते. आवाज थांबला, दोष थांबला नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत काही जण एक स्क्रू पिळून उभ्या इंजिनाचे फेरेच वाढवून देत. मालक खूश, खडखड गायब, आणि पेट्रोल मात्र उभ्याउभ्या जास्त जळे. नव्या गाड्यांत हे फेरे संगणक ठरवतो, त्यामुळे ती पळवाट फारशी उरलेली नाही.

इथे एक शंका हुशार विद्यार्थी काढतोच. माणसाच्या कानाची खालची मर्यादा २० हर्ट्झ, मग २१ हर्ट्झचा आवाज इतका कर्कश कसा? उत्तर असे, की आपण २१ हर्ट्झ ऐकतच नाही. सैल पत्रा झोका घेतो आणि शेजारच्या नळीवर आपटतो. प्रत्येक आपटण्यासरशी पातळ पत्रा त्याच्या स्वतःच्या उंच सुरांत, काही शे ते काही हजार हर्ट्झमध्ये, क्षणभर वाजतो. सेकंदाला २१ वेळा हे घडते, म्हणून सलग तडतड ऐकू येते. शाळेच्या कुंपणाच्या गजांवरून मुले काठी ओढत पळतात तेव्हा हेच होते: गजांचा सूर वेगळा आणि काठीचा वेग वेगळा. यातून एक उपयोगी गोष्ट निघते. आवाजाचा सूर कशाचा आपटा आहे ते सांगतो, आणि त्याची लय कोण आपटवते आहे ते सांगते.

एवढे कागदावर झाल्यावर मी तेलगावच्या चौकाजवळ ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. गाडी थांबवून किल्ली फिरवणार, तोच ते म्हणाले, "बंद नका करू सर. आवाज कुठून यायलाय ते आधी ऐकू द्या." पुढचा पाऊण तास त्यांनी जे केले ते पाहण्यासारखे होते.

प्रथम त्यांनी मला क्लच दाबायला सांगितले. आवाज तसाच. क्लच दाबल्यावर गिअरबॉक्स इंजिनापासून सुटतो, म्हणून क्लच दाबताच बंद होणारी खडखड बहुधा गिअरबॉक्समधली असते. उलट, दाबल्यावर सुरू होणारा आवाज क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगकडे बोट दाखवतो. इथे दोन्ही नव्हते, म्हणजे गाडीचा एक मोठा भाग एका पावलात संशयातून सुटला. मग त्यांनी एसी लावला. खडखड थांबली. मी लगेच म्हणालो, "मग एसीच्या कॉम्प्रेसरचं काहीतरी असेल." मिस्त्री हसले. "एसी लावला की इंजिन आपोआप जरा वाढतंय, सर. तुम्ही पाय दिल्यासारखंच की ते." एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या, आणि मी त्यातली एकच धरली होती. प्रयोगात एका वेळी एकच चल बदलावे, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल!

त्यानंतर बाहेरून ऐकणे. त्यांच्याकडे पाण्याच्या अर्ध्या इंची प्लॅस्टिक नळीचा हातभर तुकडा होता. एक टोक कानाशी आणि दुसरे गाडीच्या एकेका भागाजवळ. नळी इतर दिशांचे आवाज अडवते आणि टोकासमोरचा आवाज कानापर्यंत आणते. डॉक्टरांच्या नळीची हीच मूळ कल्पना. कडक भागांसाठी लांब लाकडी दांडा: एक टोक भागावर, दुसरे कानाच्या मागच्या हाडावर. फिरता पंखा आणि पट्टा यांच्याजवळ नळी नेताना त्यांनी बाह्या वर केल्या आणि गळ्यातला गमछा काढून ठेवला. ही सवय मुलांना आवर्जून दाखवावी. आणखी एक. हे सगळे उघड्यावर करायचे. दार लावलेल्या गॅरेजमध्ये चालू इंजिनाजवळ ऐकत बसू नये, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत त्याला काही कळत नाही.

इंजिनावर आवाज मंद होता, गाडीच्या पोटाखाली मोठा. मिस्त्री गाडी खड्ड्यावर घेऊन खाली उतरले आणि लाकडी दांड्याने धुराची नळी, तिच्या टांगण्या आणि पत्रे एकेक करून दाबत गेले. नळीवरच्या एका पत्र्यावर दांडा टेकला आणि खडखड बंद. काढला, सुरू. पुन्हा टेकला, बंद. तीन वेळा करून त्यांनी मला खाली बोलावले आणि दांडा माझ्या हातात दिला.

हा पत्रा म्हणजे हीट शील्ड, उष्णता अडवणारे कवच. त्याच्या चार बोल्टांपैकी तीन ठिकाणची भोके गंजून मोठी झाली होती आणि पत्रा एका बोल्टावर लोंबकळत होता. चार ठिकाणी धरलेला पत्रा ताठ असतो आणि त्याची नैसर्गिक वारंवारता उभ्या इंजिनाच्या धक्क्यांहून खूप वर असते. वारंवारता ताठपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे ताठपणा चौथा हिस्सा उरला तर वारंवारता निम्मी होते. एकेक बोल्ट सुटत गेला तसा पत्रा खाली खाली येत २१ हर्ट्झपाशी पोचला, आणि त्या दिवशी चौकात वाजू लागला. दोष महिनोन्महिने वाढत होता. आवाज मात्र एका दिवशी सुरू झाला.

मी म्हणालो, "काढूनच टाका ना मग. एक पत्राच तर आहे." बरेच जण तसे करतात, आणि खडखड खरोखर कायमची जाते. मिस्त्रींनी रस्त्यापलीकडे बोट दाखवले. तिकडे ऊस तुटून गेलेल्या रानात वाळलेले पाचट पसरले होते. "तुम्ही कधी रानात गाडी घालताच की. खाली पाचट, वर ही नळी." धुराच्या नळीत प्रदूषण कमी करणारे जे कन्व्हर्टर असते, त्याची रासायनिक क्रिया नीट चालायला आतले तापमान काही शे अंशांवर जावे लागते. त्याच्या बाहेरच्या भांड्याला वाळलेले गवत किंवा पाचट टेकून राहिले तर ते पेटू शकते. पत्रा खालच्या बाजूला असतो तो त्यासाठी, आणि वरच्या बाजूला असतो तो गाडीच्या तळाला, पेट्रोलच्या नळ्यांना आणि तारांना झळ लागू नये म्हणून. शहरातल्या डांबरी रस्त्यावर तो नसला तर कदाचित वर्षभर काही बिघडणार नाही. आमच्याकडे हंगामात एक दुपार पुरे.

दुरुस्ती साधी होती. नळी पूर्ण थंड होऊ दिली, त्यात आमचे दोन चहा झाले. मोठ्या झालेल्या भोकांवर रुंद वॉशर घालून नवे बोल्ट लावले, आणि जिथे भोकच उरले नव्हते तिथे पत्रा आणि नळी यांना मिळून स्टीलची स्क्रूवाली क्लिप आवळली. प्लॅस्टिकची पट्टी किंवा रबर इथे चालत नाही, वितळते. नुसती तार बांधली तर गावापर्यंत जाता येते, पण ती सैल पडते आणि पुन्हा तेच. एकूण खर्च एका वेळच्या पेट्रोलपेक्षा कमी आला.

खडखड गेली. पण ती गेल्यावर तिच्याखाली दबलेली एक थरथर जाणवू लागली, सुकाणूत आणि बैठकीत. ती इंजिनाच्या रबरी बैठकांची होती. इंजिन गाडीला थेट बोल्टने न जोडता रबराच्या ठोकळ्यांवर बसवतात. १९३१ साली अमेरिकेत प्लिमथ गाडीत रबरावर 'तरंगणारे' इंजिन आले, तेव्हा चार सिलिंडरची गाडी इतकी शांत असू शकते याचे लोकांना नवल वाटले होते. रबर मुद्दाम मऊ ठेवतात, आणि त्यामागचे गणित गमतीचे आहे. धक्क्यांची वारंवारता बैठकीच्या नैसर्गिक वारंवारतेच्या दोनाच्या वर्गमुळापट, म्हणजे १.४१ पट, झाली की त्यापुढेच कंप गाळले जाऊ लागतात. समजा, रबरावरच्या इंजिनाची नैसर्गिक वारंवारता ८ हर्ट्झ आहे. तर २१ हर्ट्झच्या धक्क्यातला साधारण सहावा हिस्साच गाडीच्या सांगाड्यापर्यंत पोचतो, १४ हर्ट्झमधला साधारण निम्मा. आता उष्णतेने आणि सांडलेल्या तेलाने रबर कडक होऊन त्याचा ताठपणा चौपट झाला असे धरा. नैसर्गिक वारंवारता १६ होईल, नेमकी १४ आणि २१ यांच्या मधे. गाळणी उलट लाऊडस्पीकर होते. रबर नवे असताना मऊ म्हणून चांगले आणि जुने झाल्यावर घट्ट म्हणून वाईट, हे पहिल्यांदा ऐकताना विद्यार्थ्यांना विचित्रच वाटते.

मिस्त्रींनी बैठक तपासली तीही पाहूनच: रबराला बोटाएवढ्या भेगा होत्या आणि नख रुतत नव्हते. पुढच्या महिन्यात ती बदलली.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी, नाहीतर हा लेख वाचून कोणी प्रत्येक खडखड पत्र्याच्या खात्यावर टाकेल. फेरे वाढवल्यावर आवाज वाढत असेल, जड 'ठक्-ठक्' असा येत असेल, भार घेताना जास्त होत असेल किंवा तेलाचा लाल दिवा लागला असेल, तर ऐकत बसू नका. इंजिन लगेच बंद करा, गाडी ओढून न्या. तिथे ते शहरातले गॅरेज म्हणाले तेच बरोबर ठरू शकते, इंजिन खोलावेच लागते. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना वरून येणारी बारीक टिकटिक तेल वर चढल्यावर मिनिटभरात जाते का ते पाहा. जात नसेल तर आधी तेलाची पातळी बघा. आणि गार गाडीच्या धुराच्या नळीवर लाकडी हातोडीने हलके ठोकल्यावर आत मणी खुळखुळल्यासारखे वाजले, तर कन्व्हर्टरमधली चिनीमातीची जाळी फुटलेली असते. ती क्लिपने बरी होत नाही.

बैठक बदलल्यावर मी नववीच्या मुलांना शाळेच्या मैदानात गाडीभोवती उभे केले आणि हॅकसॉचे पाते पुन्हा बंपरजवळ लावले. लांबी तीच, १६ सें.मी. पाते नाचले, कारण इंजिनाचे २१ ठोके कुठे गेले नव्हते. पण पूर्वी ज्याच्या टोकाचा पंखा तीन बोटे रुंद होत असे, तो आता एका बोटावर आला होता. एका मुलीने विचारले, चार सिलिंडरची गाडी आणली तर पाते किती आत सरकवावे लागेल? आम्ही तिथेच जमिनीवर काडीने हिशेब मांडला. याच फेऱ्यांना २८ हर्ट्झ, म्हणून सुमारे १३.८ सें.मी. दुसऱ्या दिवशी शेजारच्या एका शिक्षकांची चार सिलिंडरची गाडी आणली आणि पाते १४ सें.मी.ला नाचले. त्यांच्या इंजिनाचे फेरे मिनिटाला ८४० च्या किंचित खाली असावेत.